कावळा कोणत्या शब्दाला आला

कुसुम गेल्याचं कळलं तेव्हा उद्धवरावांच्या दोन्ही हातांत फरशीचे तुकडे होते. उजव्या हातात चिकटवायची व्हिनाईल, डाव्या हातात क्लिकची, पट्ट्या नुसत्या एकमेकींत अडकवायची. पिंपरी कॅम्पात युनूसच्या दुकानात, काउंटरपाशी उभे राहून ते दोन्ही तुकड्यांच्या कडा उजेडात धरून बघत होते. खिशातला फोन वाजला. तुकडे खाली ठेवावेत हे त्यांना सुचलं नाही. शेवटी युनूसनेच त्यांच्या खिशातून फोन काढला आणि त्यांच्या कानाला लावला.

सून बोलत होती. "अण्णा, मी करिष्मा. आई दिवाणावर बसल्या होत्या. मी चहा घेऊन आले तर... अण्णा, डॉक्टर येऊन गेले. तुम्ही घरी या."

"बरं," उद्धवराव म्हणाले.

युनूसने दुकान तसंच सोडलं आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून पुनावळ्याला आणलं. तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. उद्धवराव आत शिरले तेव्हाही तुकडे हातातच होते. लोकांनी त्यांना वाट करून दिली. कुणीतरी विचारलं, हे विधीचं आहे का, आणि कुणीतरी म्हणालं, असेल, त्यांच्यात असेल.

आता यातली एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. करिष्माचा फोन यायच्या तासभर आधी उद्धवरावांनी दुकानातूनच कुसुमला फोन केला होता. विचारलं होतं, "चिकटवायची घेऊ की क्लिकची?"

कुसुम म्हणाली होती, "कोणतीही आणा. पण आज आणा."

सहा वर्षं ती फरशी मागत होती. बिल्डरने बसवलेल्या पांढऱ्या टाइल्स थंडीत बर्फासारख्या व्हायच्या आणि कुसुमचे गुडघे धरायचे. मोजे घालून, वर सपाता घालून ती स्वयंपाक करायची. बसली की पाय वर घ्यायची. उद्धवराव नाही कधीच म्हणाले नाहीत. सत्तावीस वर्षं त्यांनी चाकणच्या फोर्जिंग कंपनीत इन्स्पेक्शनला काढली होती, आणि तपासल्याशिवाय माल पास करायचा नाही हे त्यांच्या हाडात होतं. युनूसकडून ते नमुने आणत, रात्रभर बादलीत भिजत घालत, गच्चीवर उन्हात टाकत, किल्लीने ओरखडत, भरलेला सिलिंडर त्यांच्यावरून फिरवत. मग परत नेऊन देत. त्या दिवशीची ती अकरावी खेप होती.

कोणतीही आणा, पण आज आणा. हे वाक्य त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहा वर्षांचाही हिशेब द्यावा लागला असता.

*

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते. त्या रविवारी सकाळी सगळे पुनावळ्याला जमले. कुसुमची थोरली बहीण सुमनताई काळेवाडीहून आली होती. जेवणात कोणती भाजी करायची हे ठरवायला म्हणून ती आली होती, पण भाजीवर यायच्या आधीच तिने हॉलच्या मधोमध पाय आपटला.

"दाजी, ही कुठली फरशी?"

"जुनीच आहे," उद्धवराव म्हणाले.

"तेच म्हनते मी. कावळ्याला शबूद दिलाय तुमी. साऱ्या घाटानं ऐकलाय. वर्सश्राद्धाला माझी बहीन याच गारठ्यावर येऊन बसनार व्हय?"

शब्द दिला होता हे खरं. दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड मांडून सगळे हात जोडून उभे होते आणि कावळा काही शिवत नव्हता. समोरच्या पिंपळावर बसून नुसता बघत होता. कुसुमचा जीव कशात अडकलाय म्हणून एकेकाने बोलायला सुरुवात केली. सुजितने, मुलाने, बाईक हळू चालवीन असं कबूल केलं. कावळा हलला नाही. करिष्माने तुळशीला रोज पाणी घालीन म्हटलं. कावळ्याने मान फिरवली. उद्धवरावांचा धाकटा भाऊ नवनाथ पुढे झाला आणि म्हणाला, "वहिनी, मी आजपासून दारू सोडली," तेव्हा कावळा उडून लांबच्या झाडावर जाऊन बसला. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, पाच मिनिटं वाट बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करू. तेव्हा उद्धवरावांच्या तोंडून निघून गेलं, "हॉलला व्हिनाईल टाकतो! तुझ्या मनासारखी टाकतो!" लगेच पाठीमागून सुमनताई ओरडली, "चिकटवून!" आणि करिष्मा ओरडली, "क्लिकची, आई, क्लिकची!"

आणि कावळा आला.

"माझ्या शबदाला आला," सुमनताई आता म्हणाली.

"मावशी, तसं नाही हं," करिष्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तुम्ही बोललात तेव्हा तो अजून झाडावरच होता. मी क्लिकची म्हटलं आणि तो सुटला."

"तू डोळे मिटून रडत व्हतीस. तुला काय दिसलं?"

"एका डोळ्याने बघत होते."

"भांडता कशाला राव?" नवनाथ म्हणाला. "माझ्याकडे व्हिडिओ आहे की."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वर्षभर हा माणूस गप्प होता.

"दहाव्याचा व्हिडिओ काढलास?" उद्धवरावांनी विचारलं.

"गावाकडच्यांना दाखवायला काढला होता, दादा. पण पाठवला नाही. थोडा बिघडलाय."

सुजितने फोन टीव्हीला जोडला. सगळे सोफ्यावर आणि दिवाणावर बसले. एवढ्यात बेल वाजली आणि युनूस आला, हातात टेप आणि नमुन्यांचा जुडगा घेऊन. माप घ्यायला या असं सुजितने त्याला सांगून ठेवलं होतं. त्याला खुर्ची दिली आणि कुणीतरी चहाही दिला. तोही बघायला लागला.

टीव्हीवर घाट आला, पिंड आला, उद्धवरावांची पाठ आली. "हॉलला व्हिनाईल टाकतो!" आणि तेवढ्यात चित्र उलटं झालं. नवनाथचा अंगठा भलत्याच ठिकाणी पडला होता. पुढची सगळी सेकंदं पडद्यावर फक्त नवनाथचं तोंड होतं, जवळून, नाकाच्या बाजूने. आवाज मात्र स्वच्छ येत होता. "तुझ्या मनासारखी टाकतो!" "चिकटवून!" "क्लिकची, आई, क्लिकची!" मग सगळ्यांचा गलका.

"हे काय बघायचं?" सुमनताई म्हणाली. "ह्याचं नाक?"

"थांबा मावशी," सुजित पुढे सरकला. तोही चाकणलाच, गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीला होता. "काकाचे डोळे बघा. काका फोनच्या वरून कावळ्याकडे बघतोय. कावळा झाडावर आहे तोवर डोळे वर. कावळा पिंडावर आला की डोळे खाली. डोळे कोणत्या शब्दाला खाली येतात तेवढं बघायचं."

हे सगळ्यांना पटलं. युनूसनेही मान हलवली.

सुजितने व्हिडिओ हळू चालवला. नवनाथचे डोळे टीव्हीभर मोठे होऊन वर बघत होते. "चि... क... ट..." असा म्हशीसारखा आवाज आला. डोळे वरच. "...वू... न." पापण्या हलल्या.

"आले खाली!" सुमनताई उठलीच.

"पापणी लवली, मावशी. डोळे नाही आले."

"क्लि... क..." डोळे डावीकडून उजवीकडे गेले आणि खाली आले.

"हे बघा! क्लिकला!" करिष्मा म्हणाली.

"थांब ना," सुमनताई म्हणाली. "कावळा आदी येतो, मग डोळे येतात. हा नवनाथ हाय. ह्याचे डोळे कवा येतील काय सांगावं? त्या दिशी सकाळी घेतली असंल तर?"

"ताई, दहाव्याला कोण घेतं?"

"तू."



मग नवनाथचे डोळे किती उशिरा हलतात हे मोजायचं ठरलं. त्याला खुर्चीवर बसवलं. सुजित दिवाणावर चढून हातात उशी घेऊन उभा राहिला. उशी म्हणजे कावळा. त्याने उशी टाकायची, नवनाथने बघायचं, आणि करिष्माने फोनवर वेळ मोजायचा.

"तीन वेळा घ्या," उद्धवराव म्हणाले. त्यांना बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "एका रीडिंगवर काही ठरत नाही."

पहिल्या वेळी उशी नवनाथच्या तोंडावर पडली. दुसऱ्या वेळी बरोबर पडली, पण उशी कधी येणार हे माहीत असल्यामुळे नवनाथ आधीच खाली बघायला लागला. तिसऱ्या वेळी सुमनताईने आक्षेप घेतला, की कावळा येतो पंखांनी आणि उशी पडते वजनाने, दोन्हीचा वेग एक कसा धरायचा.

"अक्का," उद्धवराव म्हणाले, "फरशी चिकटवली काय आणि..."

"तुमी गप ऱ्हावा दाजी. मला ठावं हाय कुसुमला काय पाहिजे व्हतं. मला फोनवर म्हनली व्हती, अक्का, पायाखाली घट्ट पाहिजे. ती क्लिकची खालून पोकळ वाजती. डब डब. माझ्या नणंदेच्या घरी हाय. मांजर चाललं तरी आपल्याला कळतं."

"खाली चांगला फोम टाकला की नाही वाजत," युनूस म्हणाला. "आणि ताई, चिकटवायची म्हटली तर आधी ही टाइल सरळ करावी लागते. या घराच्या टाइल्स चार-पाच ठिकाणी उचलल्यात. दरवाज्यापाशी पाय ठेवून बघा. त्यांच्यावर गोंद लावला तर वर्षात फुगवटे दिसतील."

"बघा," करिष्मा म्हणाली. "आणि चिकटवलेली एकदा बसली की बसली. काढायची म्हटलं तर खरवडूनच काढावी लागते. क्लिकची उद्या उचलून दुसऱ्या घरी टाकता येते. हो ना चाचा?"

"येते. आरामात येते. पट्ट्या सोडवायच्या, बांधायच्या, न्यायच्या."

उद्धवराव करिष्माकडे बघत होते. "कुठल्या घरी?"

करिष्माने सुजितकडे बघितलं. सुजित अजून उशी घेऊन दिवाणावर उभा होता.

"म्हणजे... कुठल्याही," करिष्मा म्हणाली. "एक बोलायची गोष्ट."

"सुजित," उद्धवराव म्हणाले, "खाली उतर."

सुजित उतरला. उशी त्याने छातीशी धरली होती. "अण्णा, चाकणला फ्लॅट बघितलाय. कंपनीपासून दहा मिनिटांवर. इथून जाता-येता मिळून चार तास जातात माझे, तळेगाव चौकात तर गाडी हलतच नाही. तुम्हाला सांगणार होतो. वर्षश्राद्ध झालं की सांगणार होतो."

"अजून घेतला नाहीये," करिष्मा म्हणाली. "टोकन दिलंय फक्त."

टीव्हीवर नवनाथचं तोंड थांबलेलं होतं, डोळे अर्धे खाली.

आणि मग घरातल्या सगळ्यांची मतं बदलली. ती इतक्या झटक्यात बदलली की युनूस चहा पिता पिता थांबला.

"मला वाटतं चिकटवूनच टाकू," सुजित म्हणाला. "मावशी म्हणतात ते बरोबर आहे. पक्की पाहिजे. कुठे न्यायची नाही, काही नाही. अण्णांच्या पायाखाली राहायला पाहिजे."

"आता चिकटवून कशाला?" सुमनताई म्हणाली. "मानूस एकटं पडनार हितं. दाजी, तुमी क्लिकचीच टाका. सा म्हैन्यांनी उचलायची आन् माझ्याकडं यायचं फरशी घिऊन. माझ्या पुढच्या खोलीत बसती का बगा वो युनूसभाई, दहा बाय बाराची हाय."

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होतात डब डब वाजते," सुजित म्हणाला.

"वाजू दे की! घरात कोन हाय ते तरी कळंल."

करिष्मा रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली की मग चिकटवायचीच टाका, सगळ्यांना वाटेल की मी फरशीसकट घर उचलायला निघालेय. नवनाथ म्हणाला, अर्धा हॉल असा आणि अर्धा तसा करू, मधून पट्टी मारू. युनूस म्हणाला, होतं तसं, पण उंची वेगळी येते, ठेच लागेल. सुमनताई म्हणाली, कावळा क्लिकलाच आला होता, तिने स्वतः बघितलं. करिष्मा म्हणाली, नाही, चिकटवूनला, पापणी तेव्हाच लवली होती.

सुजितने रिमोट उचलला आणि व्हिडिओ पुन्हा मागे घेतला.

"बंद कर ते," उद्धवराव म्हणाले.

त्यांचा आवाज काही मोठा नव्हता, पण सुजितने टीव्ही बंद केला.

उद्धवराव उभे राहिले. उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. कंपनीत निरोपाच्या दिवशी भाषण करायला सांगितलं तेव्हाही ते नमस्कार करून खाली बसले होते.

"ती गेली त्या दिवशी मी तिच्याशी फोनवर बोललो होतो," ते म्हणाले. "दुकानातून. युनूसला माहीत आहे मी फोन केला ते. काय बोललो ते नाही माहीत. मी विचारलं कोणती घेऊ. ती म्हणाली, कोणतीही आणा, पण आज आणा."



"कोणतीही," उद्धवराव पुन्हा म्हणाले. "तिला हीच हवी, ती नको, असं काही नव्हतं. तिला पाय खाली टेकवायचे होते. सहा वर्षं मी तुकडे भिजवत बसलो. कावळा तुमच्या कुणाच्या शब्दाला आला नाही. आला असेल तर आला भुकेने."

"दाजी, असं म्हनू नये."

"मग नाही म्हणत. पण सहा वर्षं हे घर गार मी ठेवलं, अक्का. तुम्ही नाही, करिष्मा नाही. दर वेळी काहीतरी खोट सापडायची. एकदा तर चार हजारांच्या मालात मी अर्ध्या मिलिमीटरचा फरक काढला आणि खूश होऊन घरी आलो. तिने विचारलं, आणली? मी म्हटलं, रिजेक्ट केली. ती हसली. तेव्हा मला वाटलं तिला पटलं."

ते खाली बसले. नवनाथने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. उद्धवरावांनी तो हात तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने सुजित म्हणाला, "अण्णा, चाकणचं मी रद्द करतो."

"का रद्द करतोस? रोज चार तास रस्त्यावर काढून काय मिळणार? जा तिकडे."

"तुम्ही एकटे..."

"एकटा कुठला? नवनाथ अर्धा दिवस इथेच असतो टीव्हीसमोर. त्याच्याकडून कधी सुटका होते बघू." मग ते युनूसकडे वळले. "दुकानात हॉलपुरता पूर्ण माल कशाचा आहे?"

युनूसने कप खाली ठेवला. "पूर्ण? चिकटवायची मागवावी लागेल, आठ-दहा दिवस. क्लिकची गोडाऊनला पडून आहे. पण भाऊ, एकच रंग आहे. गडद तपकिरी. तुम्ही मागे बघून नाही म्हणाला होता, रेषा सरळ नाहीत म्हणून."

"तीच टाक."

"एक पट्टी आणून दाखवू का आधी?"

"नको."

युनूस त्यांच्याकडे बघत राहिला. वीस-बावीस वर्षांची ओळख होती. "भाऊ, नक्की? बघणार नाही?"

"उद्या माणसं पाठव," उद्धवराव म्हणाले. "उद्या जमतंय का?"

"सकाळी नऊला."

सुमनताईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, मग वर्षश्राद्धाला भाजी कोणती करायची. अळूची ठरली. त्यावर कुणी भांडलं नाही.

*

सोमवारी नऊला दोन माणसं आली आणि संध्याकाळी पाचला गेली. आधी फोम अंथरला, मग पट्ट्या एकमेकींत अडकवत ती भिंतीकडून दाराकडे सरकत गेली. प्रत्येक पट्टी बसताना टक आवाज व्हायचा. हॉल झाल्यावर माल उरला म्हणून उद्धवरावांच्या बेडरूममध्येही टाकली. उद्धवराव दिवसभर जिन्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. आत डोकावले नाहीत. करिष्मा तीनदा म्हणाली, अण्णा, बघून घ्या, नंतर बोलायला नको. ते म्हणाले, तुम्ही बघा.

माणसं गेल्यावर ते चपला बाहेर काढून आत आले. थंडीचे दिवस होते आणि खिडक्या उघड्या होत्या. त्यांनी हॉलमधून एक फेरी मारली, मग दिवाणावर बसले आणि दोन्ही पाय खाली टेकवले. गार लागलं नाही. बराच वेळ ते तसेच बसले. सुजितने लाइट लावायला हात पुढे केला होता, तो त्याने मागे घेतला.

मग ते झोपायला उठले आणि बेडरूमचं दार अर्ध्यावर येऊन अडलं. फोम आणि पट्टी मिळून फरशी सात मिलिमीटर वर आली होती, आणि दाराखाली किती जागा आहे ते कुणी मोजलंच नव्हतं. सुजितने खांदा लावून बघितला. दार पुढेही जाईना आणि बंदही होईना. वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांनी आपापल्या परीने जोर लावून बघितला. नवनाथने दार बिजागरीतून काढून पाहू म्हटलं, त्याला कुणी हात लावू दिला नाही.

चाकणचा फ्लॅट झाला. सुजित आणि करिष्मा पाडव्याला तिकडे जातील. उद्धवराव अंग आडवं करून आपल्या खोलीत जातात आणि तसेच बाहेर येतात. सुताराला दोनदा सांगून झालं आहे. दार खालून तासायचं राहिलं आहे.